डाव्या खांद्यावर

"आमचा शरद दर फाल्गुनात एक चितळ आणतोच," असं गुणवंतराव रणदिवे नागपुरात बोलून आले, आणि जबलपूरला, चेरीतालच्या घरात, कुणालाच त्याचा पत्ता नव्हता. शरदला तर नव्हताच नव्हता.

बोलले ते दिवाकरराव प्रधानांच्या बैठकीत, सुपारी कातरता कातरता. दिवाकररावांनी अर्धं आयुष्य चांद्याच्या जंगलात बंदूक घेऊन काढलेलं. बैठकीच्या भिंतीला कोणता रंग दिलाय ते शिंगांमुळे कळू नये, अशी त्या घराची तऱ्हा. त्यांचा मुलगा श्रीकांत गुणवंतरावांनी आपल्या लेकीसाठी, विनतासाठी, पाहिला होता. बोलणी दोनदा पुढं सरकली होती आणि दोनदा अडली होती. अशा वेळी बापाच्या जिभेवर ताबा राहत नाही. त्यातून बाप वकील. "रंगपंचमीला जबलपूरला या," गुणवंतराव म्हणाले, "घरच्या शिकारीचं मटण खा, मुलगी पाहा, मग ठरवू." तेव्हा म्हणे दिवाकररावांचा चेहरा पहिल्यांदा उजळला.

आता ते येतो म्हणाले होते, आणि होळी तोंडावर आली होती.

"शरदभावजी?" गुणवंतरावांच्या बायकोनं, राधाबाईंनी, हातातली परात खाली ठेवली. "अहो, चष्मा काढला तर त्यांना ताटातलं लिंबू दिसत नाही! तुम्ही असं बोललात तरी काहून?"

शरद, गुणवंतरावांचा धाकटा भाऊ, हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. बायको बाळंतपणाला माहेरी गेल्यापासून तो संध्याकाळी पडवीत वर्तमानपत्र घेऊन बसायचा आणि घरातल्या कोणत्याच भांडणात पडायचा नाही. आज भांडणच त्याच्या अंगावर येऊन पडलं. "दादा, मी आयुष्यात साधं कबूतर मारलं नाही," तो म्हणाला.

"मग शीक. आबांची दुनळी बंदूक घरात आहे, लायसन तुझ्या नावावर आहे, आणि बरगीचं जंगल सरकारी आहे. फॉरेस्ट ऑफिसात अर्ज केला की परवाना मिळतो. लोक जातातच ना?"

"लोकांना येतं, म्हणून लोक जातात."

"कुणाकडून गुपचूप मटण आणवून घेऊ," राधाबाई म्हणाल्या. "कोणाला काय कळून राहिलं?"

"गुन्हा आहे तो, वहिनी. आणि दिवाकरराव शिंगं पाहायला मागतील, कातडं पाहायला मागतील. गोळी कुठं लागली ते बोट घालून पाहतील."

बेबीताई उंबऱ्याशी बसून कंदिलाची काच पुसत होती. गुणवंतरावांच्या पाठची आणि शरदच्या वरची ही बहीण. बाराव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी कपाळ पांढरं. तेव्हापासून ती याच घरात. तिचे वडील, आबा, जंगलखात्यात रेंजर होते. माहेरी परतलेल्या या मुकाट पोरीला काहीतरी काम हवं म्हणून त्यांनी तिला काडतुसं भरायला बसवलं, आणि पुढं बंदूक साफ करायचं कामही तिच्याकडेच आलं. आबा गेले तरी ते तिनं सोडलं नव्हतं. दर दसऱ्याला ती दुनळी उघडायची, नळीतून गज फिरवायची, तेलाचा हात द्यायची, हळदकुंकवासाठी वहिनीच्या पुढं ठेवायची आणि मग पुन्हा कपाटात. कोणता चाप जड आहे आणि कोणता हलका, हे तिला अंधारातही सांगता आलं असतं. झाडली मात्र तिनं ती एकदाही नव्हती. कुणी झाड म्हणालं नाही, आणि विचारावं असं तिला सुचलंही नाही.

आज काच पुसता पुसता तिचे हात थांबले.

"शरद," ती म्हणाली, "शहपुऱ्याच्या शेतावर जाऊन आधी हात बसव. मी डबा घेऊन येते सोबत."

*

शहपुऱ्याच्या शेतात गहू पिवळा पडला होता. नाल्याच्या उंच दरडीपुढं एक मडकं ठेवलं. गुणवंतरावांचा अंगठा वातानं सुजला होता, तरी ते बैलगाडीतून आले आणि बाभळीच्या सावलीत खाटेवर पाय पसरून बसले. तिथून त्यांचं मार्गदर्शन चाललं होतं. विनता हट्टानं आली होती.

शरदनं पहिला बार काढला. दरडीवरची माती उडाली, मडकं जागच्या जागी. दुसरा बार कुठं गेला ते कुणालाच कळलं नाही. तिसऱ्याला चष्मा नाकावरून उडाला.

"अरे, मडक्याकडे पाहून मार!" गुणवंतराव खाटेवरून ओरडले.

"मडक्याकडेच पाहतोय, दादा. मला दोन दिसतात."

"मग दोन्हींच्या मध्ये मार!"

विनता तोंडात पदर कोंबून हसत होती. शरदनं खांदा चोळत बंदूक मधून मोडून उघडली, रिकामं काडतूस काढलं आणि ती बेबीताईच्या हातात दिली. पुसायला, म्हणून. नेहमीप्रमाणं.

बेबीताईनं ती पुसली नाही. तिनं पिशवीतून नवं काडतूस घेतलं, नळीत सरकवलं आणि बंदूक बंद केली. तो 'खट्' असा आवाज तिच्या ओळखीचा होता. आज तो पहिल्यांदा खरा वाटला.

"मी एक बार काढून पाहू?"

तिघंही तिच्याकडे पाहत राहिले. "आत्या, सच में?" विनता म्हणाली आणि उठून उभीच राहिली.

"बेबी, वेडी झालीस काय?" गुणवंतराव म्हणाले. "खांदा निखळेल."

"निखळला तर वहिनी शेकून देईल." तिनं पदर खोचला आणि दस्ता उजव्या खांद्याला लावला. उजवा डोळा उघडा, डावा मिटलेला, आबा धरायचे तशी. मडकं नळीच्या टोकावरच्या मण्याभोवती डुलायला लागलं. तिनं चाप ओढला.

पुढं काय झालं ते तिला बसल्यावर कळलं, कारण ती ढेकळांत बसलेली होती. कानात घंटा वाजत होत्या, गालावर दस्त्याचा फटका लागला होता आणि मडकं तसंच होतं. विनता धावत आली. "आत्या, लागलं?" आणि बेबीताई हसायला लागली. आधी बारीक, मग पोट धरून. शरदला आठवेना की ताई अशी शेवटची कधी हसली होती.

"पुन्हा," ती म्हणाली.

दुसरा बारही चुकला. पण या वेळी ती पडली नाही. तिसऱ्या वेळी तिनं बंदूक उचलली आणि तशीच खाली घेतली. काहीतरी उलटं होत होतं. सुईत दोरा ओवताना ती नेहमी उजवा डोळा मिटायची. वहिनी त्यावरून चिडवायची. तिनं बोट पुढं धरून मडक्यावर लावलं, एक डोळा मिटला, मग दुसरा. उजव्या डोळ्यानं बोट मडक्यावरून सरकलं. डाव्यानं जागेवर राहिलं.

"अच्छा, असं आहे होय," ती स्वतःशीच म्हणाली, आणि दस्ता डाव्या खांद्याला लावला.

"हे काय डावखुरं?" गुणवंतराव म्हणाले. ते वाक्य पुरं व्हायच्या आत मडकं फुटलं.

धूर विरला तेव्हा दरडीपुढं खापऱ्या पडल्या होत्या आणि विनता टाळ्या वाजवून राहिली होती. बेबीताई तिथंच उभी होती. तिच्या बोटांच्या टोकापर्यंत काहीतरी सळसळत होतं. अजून मडकी आहेत का, एवढंच तिनं विचारलं.

*

परवाना मिळाला. बरगीचा एक ब्लॉक, एक नर चितळ, बंदूकधारी शरच्चंद्र रणदिवे आणि 'सोबत एक जण'. तो एक जण म्हणजे गुणवंतराव, असं ठरलं होतं. पण अंगठा आता मोज्यातही मावत नव्हता.

"मी जाते," बेबीताई म्हणाली.

रात्रीचं जेवण नुकतंच आटोपलं होतं. गुणवंतरावांनी हात पुसलेला पंचा खाली टाकला. "मडकं वेगळं, जंगल वेगळं. लोक काय म्हणतील? रणदिव्यांची विधवा बहीण बंदूक घेऊन रानात हिंडते? प्रधानांच्या कानावर गेलं तर संपलंच."

"परवान्यात 'एक जण' असं लिहिलंय, दादा," शरद हळूच म्हणाला. "एक जण म्हणजे पुरुषच, असं कुठल्या कायद्यात आहे? तुम्हीच सांगा, वकील तुम्ही."

गुणवंतरावांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. शरद कोणाची तरी बाजू घेतो, हेच त्यांना नवीन होतं.

"कायदा राहू द्या," राधाबाई म्हणाल्या. "बेबीताई, मीही नाहीच म्हणते. आजवर आपण घराबाहेर बोट दाखवायला जागा ठेवली नाही. तुम्ही ज्याला शिवत नाही, खात नाही, ते मारायला जायचं? काहून?"

'मला जायचं आहे' एवढंच बेबीताईच्या मनात होतं, आणि ते वाक्य या घरात तिनं कधी वापरलं नव्हतं. तिनं ते उच्चारून पाहिलं. "मला जायचं आहे, वहिनी."

राधाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. तिच्या गालावरचा दस्त्याचा निळा वळ अजून गेला नव्हता. दाराशी विनता उभी होती. तिच्याकडेही त्यांनी पाहिलं. मग त्या नवऱ्याकडे वळल्या.

"शरदभावजींच्या हातून चितळ मेलं, तर मी काशीला पायी जाईन. तुम्ही तिकडं शब्द देऊन आलात. लेक माझी आहे. मला चितळ पाहिजे. कुणी मारलं याच्याशी मला देणं नाही."

"राधा, तूसुद्धा?"

"मीसुद्धा. नाव भावजींचं सांगू. झालं?"

"झालं," बेबीताई पटकन म्हणाली. "नाव घेऊन मी काय करू?" आणि तेव्हा तिला ते अगदी मनापासून वाटत होतं.

गुणवंतराव लंगडत उठून गेले. हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. वकिलाच्या घरात त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

निघायच्या दिवशी राधाबाई हातात घडी घेऊन तिच्या खोलीत आल्या. जुनं, धुऊन विटलेलं मेंदी रंगाचं लुगडं होतं. "तुमचं पांढरं जनावराला कोसावरून दिसेल," त्या म्हणाल्या. बेबीताईनं हात मागं घेतला. लग्नात नेसली होती तेवढंच रंगीत तिच्या अंगाला माहीत होतं. "जंगलातच नेसा," राधाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "तिथं कोण बघून राहिलं?" आणि घडी तिच्या मांडीवर ठेवून, मागं न पाहता निघून गेल्या.

*

हाऊबाग स्टेशनवरून छोट्या लाईनीची गाडी दुपारची सुटली. बेबीताई खिडकीशी बसली होती. दोन्ही बाजूंनी पळस असा फुलला होता की डोंगराला आग लागल्यासारखी वाटावी. बंदुकीची पेटी शरदच्या पायाशी होती, आणि बेबीताई मध्येमध्ये पायाच्या अंगठ्यानं ती चाचपून बघायची.

बरगीच्या नाक्यावर फॉरेस्ट गार्डनं परवाना पाहिला, शरदकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बंदूक कौन चलाएगा, साब?"

"दोघंही... दोनों," शरद म्हणाला.

गार्डनं खांदे उडवले. "मादा पर नहीं चलेगी, बाईसाब. और जिस नर के सींग पर अभी मखमल हो, उस पर भी नहीं. उसके सींग कच्चे होते हैं."

"समझ गई," बेबीताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ते निघाले. मेंदी रंगाचं लुगडं तिनं काष्टा घालून नेसलं होतं. चपला नाक्यावरच सोडल्या होत्या. मोहाची फुलं गळायचे दिवस. हवेत तो गोड, आंबूस वास भरून राहिला होता. गार्डनं त्यांना एका मोठ्या मोहापासून थोड्या अंतरावर, करवंदीच्या जाळीमागं बसवलं आणि तो मागं सरकला. वारा समोरून येत होता. ओल्या मातीचा, पानांचा, आणि अजून कशाचा तरी गरम वास त्यात होता. तिला वाटलं, हे सगळं माझ्या घरापासून इतकं जवळ होतं, आणि मी काचा पुसत बसले.

आधी माद्या आल्या. पाय असे ठेवत होत्या, जणू जमीन भाजत असावी. त्यांच्या अंगावरचे पांढरे ठिपके उजेडाच्या आधी दिसले आणि अंग नंतर. फुलं वेचताना त्यांचे कान सारखे फिरत होते. शरदनं श्वास रोखला होता. आणि मग मोहाच्या डाव्या अंगानं नर आला.

काय त्याचं डोकं! शिंगं मागं कमानीसारखी गेलेली. शरदनं तिचं कोपर दाबलं. तिनं बंदूक डाव्या खांद्याला लावली, मणी बरोबर नराच्या खांद्यामागं आणला. हृदय इतकं वाजत होतं की त्याला ऐकू जाईल असं तिला वाटलं. बोट चापावर गेलं.

त्याच वेळी सूर्य वर आला, नराच्या पाठीमागून. आणि शिंगांच्या कडेकडेनं बारीक सोनेरी लव चमकली. कोवळ्या भेंडीवर असते तशी.

"मार ना," शरद कुजबुजला. "ताई, मार!"

ती हलली नाही. पुन्हा पाहिलं. लव होती. तिनं नळी खाली घेतली.

वर कुठंतरी वानर खेकसलं. माद्यांनी शेपट्या उभारल्या आणि क्षणात मोहाखाली फक्त फुलं उरली.

"काहून नाही मारलंस?" शरदला राग आवरेना. "इतकं जवळ! एवढं मोठं!"

"मखमल होती शिंगावर."

"मला नाही दिसली."

"तुला मडकीही दोन दिसत होती," ती म्हणाली. परवान्याचा हाच एक दिवस होता. आज संध्याकाळी गाडी. विनताचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढं आला. आपण फार शहाणपणा केला की काय, कुणी पाहिलं असतं? आणि तरी नळी पुन्हा वर न्यायला सांगितली असती, तर तिनं नेली नसती.

गार्ड म्हणाला, उन्हं चढली की कळप नाल्याच्या सावलीला जातात, चलून पाहू. ते चालू लागले. सागाची वाळकी पानं शरदच्या बुटाखाली पापडासारखी मोडत होती. दोनदा दूरवर काहीतरी धडपडत पळालं. शेवटी तिनं त्याला हातानं थांबवलं. "तू इथून मला बघत राहा. मी एकटी पुढं होते."

अनवाणी पायांना कुठं पान आहे आणि कुठं माती, ते आधी कळत होतं. नाल्याचा काठ आला. ती जमिनीवर पोट टेकून पुढं सरकली, कोपरांवर. काट्यानं लुगडं फाटलं. वारा पडला; ती थांबली. वारा पुन्हा तोंडावर आला, ती सरकली.

खाली वाळूत एकटा नर उभा होता, मान वळवून पाठ चाटत. शिंगं आधीच्यापेक्षा थोडी लहान, पण काळीभोर, घासून चकचकीत, टोकं पांढरी. तिनं नीट बघून घेतलं. लव नव्हती.

मणी खांद्यामागं. उजवा डोळा मिटला. आता हृदय वाजत नव्हतं. सगळं जंगल त्या एका मण्याएवढं झालं होतं.

बार झाला.

नर हवेत उसळला, पलीकडची दरड चढला आणि झाडीत नाहीसा झाला.

"चुकला?" शरद धापा टाकत आला. तिनं बोटानं पलीकडची दरड दाखवली. गार्डनं त्यांना बसायला सांगितलं. लगेच मागं धावलं की लागलेलं जनावर लांब पळतं. ते बसले. त्या बसण्यात तिनं देवापाशी काय काय मागितलं ते तिला नंतर आठवलं नाही. एकच आठवलं: चुकला असेल तर पूर्ण चुकू दे, अर्धा नको.

पलीकडच्या काठावर तेंदूच्या पानावर रक्त होतं. मग दगडावर. मग एका बोरीखाली तो पडलेला होता, झोपल्यासारखा. गोळी खांद्याच्या मागं, जिथं मणी होता तिथंच.

शरद आनंदानं ओरडला. गार्डनं पगडी काढून पुन्हा घातली आणि म्हणाला, "वाह, बाईसाब." बेबीताई गुडघ्यांवर बसली आणि तिनं मानेवर हात ठेवला. अंग गरम होतं. डोळे उघडे होते. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि छाती आनंदानं फुटायला आली होती, आणि त्यातलं काही एक थांबवावं असं तिला वाटलं नाही.

"शरद," ती म्हणाली, "मी याचं खाणार नाही. पण मारलं मी, हं."

*

रंगपंचमीला प्रधान आले. दिवाकरराव उंच, ताठ, मिशा पिळलेल्या. श्रीकांत वडिलांच्या सावलीत, पण हसरा. विनतानं पोहे दिले, पाहणं झालं, श्रीकांतनं तिला एक प्रश्न विचारला आणि तिनं हिंदी-मराठी मिसळून असं उत्तर दिलं की तो पुढचं विसरला. आणि मग पानं मांडली.

राधाबाईंनी मटण असं केलं होतं की वास नुसता चेरीतालच्या तळ्यापर्यंत जावा. बेबीताई पुन्हा पांढऱ्या लुगड्यात, पंगतीत वरण-भात वाढत होती. शिंगं बैठकीत ठेवली होती. दिवाकररावांनी ती आल्या आल्या हातात घेऊन वजन पाहिलं होतं.

"उत्तम," पहिल्या घासाला ते म्हणाले. "आता सांगा, शरदराव. कसं मारलंत?"

शरदनं घास गिळला. "म्हणजे... पहाटे बसलो. मोहाखाली. चितळं आली."

"मग?"

"मग पहिलाच नर आला, आणि मी... गोळी घातली."

"पहिलाच? पहाटे, मोहाखाली? वारा कुठून होता?"

"वारा होता," शरद म्हणाला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

गुणवंतराव मध्ये पडले. "अहो, आमच्या शरदला कौतुक सहन होत नाही. दिसला की मारला, अशातला त्याचा हात!"

बेबीताईच्या हातात वरणाचं भांडं होतं. नाव शरदचं सांगायचं, हे तिनं स्वतः कबूल केलं होतं. नावाचं तिला अजूनही काही वाटत नव्हतं. पण तो मोहाखालचा नर! त्याला तिनं मारलं नव्हतं. सूर्य मागून आला होता, शिंगांवर लव होती आणि तिनं नळी खाली घेतली होती. तिच्या आयुष्यात तेवढं अवघड दुसरं काही तिनं केलं नव्हतं. आणि आता पंगतीत बसून तो नर मारला जात होता.

"नाही," ती म्हणाली.

"बेबी!" गुणवंतराव.

"पहिल्याला नाही मारलं. त्याच्या शिंगावर मखमल होती. मारला तो दुसरा, नाल्यात. आणि तो मी मारला."

श्रीकांतचा हात ताटावरच राहिला. गुणवंतरावांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून राधाबाई बाहेर आल्या, पदराला हात पुसत, आणि नणंदेच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "जायला मीच सांगितलं. काय बोल लावायचा तो मला लावा."

"मीही होतो," शरद म्हणाला, आणि त्याच्या आवाजात सुटका होती. "मी नुसता पानं तुडवत होतो."

दिवाकररावांनी ताट थोडं पुढं सारलं. बेबीताईकडे त्यांनी नीट पाहिलं: पांढरं लुगडं, हातातलं भांडं, गालावरचा पिवळा पडत चाललेला वळ. दाराआड विनतानं भिंत घट्ट धरली होती.

"गुणवंतराव, सोयरिकीचं नंतर बोलू," ते म्हणाले.

गुणवंतरावांनी डोळे मिटले.

"आधी मला हे कळू द्या." दिवाकरराव तिच्याकडे वळले. "वारा कुठून होता?"

"तोंडावर," बेबीताई म्हणाली. "थोडा उजवीकडून. मध्ये एकदा पडला. तेव्हा मी थांबले."

"थांबलात?"

"पुन्हा तोंडावर येईपर्यंत."

दिवाकररावांनी हळूहळू मान हलवली. मग मुलाला कोपरानं ढोसलं. "श्रीकांत, सरक जरा तिकडं. त्यांना बसू दे."

श्रीकांत पाटासकट सरकला. राधाबाईंनी बेबीताईच्या हातातलं भांडं काढून घेतलं. आत जाऊन विनता दुसरा पाट घेऊन धावत आली आणि तिनं तो पुरुषांच्या पंगतीत, दिवाकररावांच्या शेजारी मांडला. बेबीताईनं एकदा दादाकडे पाहिलं. गुणवंतराव खाली, आपल्या पानाकडे बघत होते. पण त्यांनी आपला पाण्याचा तांब्या उचलला आणि तिच्या पाटासमोर ठेवला.

ती बसली. हात मांडीवर ठेवले, मग उचलले.

"आम्ही उजाडायच्या आत निघालो," ती म्हणाली, आणि पंगतीत कुणीही घास उचलला नाही.